अमेरिकी बोलीचे जन्मदाखले

इंग्रजी भाषा अटलांटिक ओलांडून गेली तेव्हा तिच्याबरोबर बायबल गेले, कायद्याची परिभाषा गेली आणि शाळेतले व्याकरणही गेले. परंतु आज जगभर कानाला ओळखू येणारा तिचा अमेरिकी बाज घडवला तो गुरे हाकणाऱ्यांनी, नदीची वाळू धुणाऱ्यांनी, आगबोटींवर पत्ते कुटणाऱ्यांनी, तबेल्यांत राबणाऱ्यांनी आणि दैनिकांचे रकाने भरणाऱ्यांनी. या मंडळींच्या तोंडी जन्मलेल्या आणि शिष्ट लेखनाने दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या शब्दांना 'स्लँग' म्हणतात. स्लँग म्हणजे शिवीगाळ नव्हे आणि प्रादेशिक बोलीही नव्हे. एखादा धंदा, एखादी वस्ती किंवा एखादी पिढी आपसात जे शब्द वापरते आणि ज्यांच्यावरून आतला माणूस कोण व उपरा कोण हे लगेच ओळखते, तो हा शब्दसाठा होय. त्यातले बहुतेक शब्द एका पिढीत विरून जातात, थोडे टिकतात, आणि टिकलेल्यांपैकी काहींना पुढे एवढी प्रतिष्ठा लाभते की त्यांचे मूळ कुठल्या गुत्त्यात, खाणीत किंवा कैदखान्यात होते हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

असे मूळ शोधू लागले की सर्वसाधारण वाचकाला एक नामवंत माणूस आणि एक रंगतदार प्रसंग हवा असतो, आणि अमेरिकेत तशा कथांचा तुटवडा कधीच पडला नाही. कागदोपत्री पुरावा मात्र बहुधा वेगळ्याच दिशेला नेतो. तो एका माणसाकडे न नेता एखाद्या व्यवसायाकडे, दोन भाषा एकमेकींना भिडतात अशा सरहद्दीकडे, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा कायद्यानेच लिहायला शिकू दिले जात नव्हते अशा माणसांकडे नेतो. म्हणून अमेरिकी स्लँगचा इतिहास हा खरे तर त्या देशातील कष्टकऱ्यांचा इतिहास आहे, आणि त्याचे जन्मदाखले मिळतात ते मात्र दुसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेल्या कागदांत. या विसंगतीचे भान ठेवल्याखेरीज त्यातला एकही शब्द नीट समजत नाही.

या शब्दांची नोंद घेण्याची सुरुवात नापसंतीतून झाली. प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचे अध्यक्ष जॉन विदरस्पून यांनी १७८१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रातील लेखमालेत 'अमेरिकनिझम', म्हणजे इंग्लंडमध्ये न आढळणारा अमेरिकी शब्दप्रयोग, ही संज्ञा प्रथम वापरली, ती असे प्रयोग टाळावेत हे सांगण्यासाठी. नापसंतीची जागा कुतूहलाने घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. ऱ्होड आयलंडमधील जॉन रसेल बार्टलेट यांचा अमेरिकी शब्दांचा कोश १८४८ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी ग्वादालूपे हिदाल्गो येथील तहाने मेक्सिकोचा प्रचंड प्रदेश अमेरिकेला मिळाला. नवी सीमा आखण्याच्या कामावर आयुक्त म्हणून १८५० ते १८५३ या काळात सरकारने नेमले ते याच बार्टलेट यांना. कोशकार स्वतः सरहद्दीवर जाऊन आला, आणि १८५९ च्या आवृत्तीत त्याचा कोश पुष्कळ विस्तारला. पुढे बाल्टिमोरचे पत्रकार एच. एल. मेंकेन यांच्या 'द अमेरिकन लँग्वेज' या १९१९ च्या ग्रंथाने अमेरिकी बोलण्याला आपल्या पायावर उभी असलेली भाषा मानले, आणि १९२५ पासून निघणाऱ्या 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकाने तारीखवार पुराव्याची शिस्त आणली. एखादा शब्द छापात प्रथम कधी दिसला, कोणत्या गावच्या पत्रात दिसला आणि लेखकाला तो समजावून सांगावा लागला की वाचक तो जाणतो असे त्याने गृहीत धरले, हे तीन प्रश्न त्या शिस्तीचा गाभा होत.

या पद्धतीचे सामर्थ्य सर्वांत ठळकपणे दिसते ते 'ओके' या शब्दाच्या शोधात. जगात बहुधा सर्वाधिक भाषांत शिरलेल्या या दोन अक्षरांविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डझनावारी उपपत्त्या प्रचलित होत्या. कोणी ती चोक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेतील 'ओकेह' या शब्दातून आली असे म्हणे, आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ती उपपत्ती इतकी पटली होती की ते कागदपत्रांवर त्याच वर्णलेखनाने संमती देत. कोणी ग्रीक 'ओला काला'कडे, कोणी हैतीतील एका बंदराच्या फ्रेंच नावाकडे, तर कोणी ओबाडाया केली नावाच्या रेल्वे कारकुनाच्या आद्याक्षरांकडे बोट दाखवी. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनी १९४१ मध्ये एका लेखात आणि नंतर १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच'मधील लेखमालेत हा घोळ निस्तरला, तो जुन्या वृत्तपत्रांची पाने एकेक करून उलटून.

रीड यांना दिसले ते असे. १८३८ च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या पत्रकारांत आद्याक्षरांची एक लाट आली होती. 'नो गो'साठी 'एन. जी.', 'टेक्ससला पळाला' यासाठी 'जी. टी.' अशा संक्षेपांची पत्रांत रेलचेल होती. लवकरच त्यात मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाची भर पडली. 'ऑल राइट' हे शब्द अडाणी माणूस जसे लिहील तसे लिहून त्यांची आद्याक्षरे 'ओ. डब्ल्यू.' अशी करायची, हा त्या काळचा विनोद होता. या खेळातच २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांच्या एका छोट्या टिपणीत 'ओ. के.' अवतरले आणि त्याच्या शेजारीच 'ऑल करेक्ट' असा खुलासाही छापला गेला. टिपणीचा विषय होता घंटानाद-विरोधी मंडळ असे नाव धारण करणाऱ्या काही खुशालचेंडू बॉस्टनकरांची सहल, आणि तिच्यात प्रॉव्हिडन्सच्या एका पत्राला काढलेला चिमटा होता. 'ऑल'चे 'ओ' आणि 'करेक्ट'चे 'के', असे दोन्ही शब्दांचे वर्णलेखन चुकवून हा संक्षेप बनला होता.

अशा पंचवीस-तीस संक्षेपांबरोबर तोही विस्मृतीत गेला असता; तो वाचला तो निवडणुकीमुळे. १८४० मध्ये पुन्हा उभे राहिलेले राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक गावचे, आणि 'ओल्ड किंडरहुक' हे त्यांचे टोपणनाव. त्याची आद्याक्षरे तीच निघाल्याने न्यूयॉर्कमधील त्यांच्या समर्थकांनी 'ओ. के. क्लब' काढले. विरोधी व्हिग पक्षाने तीच अक्षरे उलटवली आणि व्हॅन ब्यूरन यांचे पूर्वसूरी अँड्र्यू जॅक्सन हे इतके अर्धशिक्षित की कागदावर 'ऑल करेक्ट' हा शेराही धड लिहू शकत नसत, अशी आवई उठवली. व्हॅन ब्यूरन ती निवडणूक विल्यम हेन्री हॅरिसन यांच्यापुढे हरले, पण प्रचाराच्या धुमाळीत शब्द देशभर पोहोचला. पुढे तारायंत्रावर काम करणाऱ्यांना संदेश नीट मिळाल्याची पावती देण्यासाठी दोन अक्षरांची ही खूण सोयीची वाटली आणि तिचा संसार स्थिर झाला. जॅक्सन यांच्या अडाणीपणाची गोष्ट मात्र शंभर वर्षे खरी मानली गेली. राजकीय कुचेष्टेने रचलेली गोष्ट व्युत्पत्ती म्हणून कशी रुजते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

राजकारणाने दिलेल्या इतर शब्दांचे दाखले त्या मानाने सोपे आहेत, कारण ते मुळातच छापखान्यात जन्मले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये मंजूर केलेल्या मतदारसंघ-रचनेतील एसेक्स परगण्याचा एक वेडावाकडा मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो, या कल्पनेवर 'बॉस्टन गॅझेट'ने २६ मार्चला चित्र छापले आणि 'गेरीमँडर' हा शब्द दिला. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर यांनी १८२० मध्ये मिझुरी राज्याच्या प्रश्नावरील वादविवादात, आपण आपल्या बंकम परगण्यासाठी बोलत आहोत असे सांगून सभागृहाला कंटाळा येईतो भाषण लांबवले, आणि त्या परगण्याचे नाव पोकळ वटवटीला चिकटून पुढे 'बंक' एवढेच उरले.

खरा कस लागतो तो पश्चिमेकडील गुराख्यांच्या बोलीत. हॉलिवूडच्या पडद्यावर इंग्रजी बोलणारा गोरा 'काउबॉय' दिसतो, परंतु त्याच्या हातातील दोरापासून डोक्यावरील टोपीपर्यंतचा सरंजाम आणि त्याची नावे आली आहेत ती स्पॅनिश बोलणाऱ्या 'वाकेरो'कडून. 'वाका' म्हणजे गाय आणि 'वाकेरो' म्हणजे गुरे राखणारा. स्पेनने सोळाव्या शतकात मेक्सिकोत गुरे आणली, मोकळ्या माळावर घोड्यावरून ती राखण्याची एक पूर्ण कार्यपद्धती तेथे विकसित झाली, आणि ती टेक्सस व कॅलिफोर्नियात इंग्रजी बोलणारे वसाहतकार पोहोचण्याच्या आधीच तेथे नांदत होती. नवागतांनी काम शिकताना शब्दही कानावर पडले तसे उचलले. नेवाडा आणि ओरेगॉनच्या पठारांवर 'वाकेरो'चा 'बकरू' झाला. 'ला रेआता' या दोराचा, आधीच्या उपपदासकट, 'लॅरियट' झाला. गुरांचा कळप बिथरून उधळतो त्या 'एस्ताम्पीदा'चा 'स्टँपीड' झाला, आणि पायांच्या रक्षणासाठी पाटलोणीवरून घालायच्या चामडी 'चापारेरास'चे केवळ 'चॅप्स' उरले. 'चला' या अर्थाच्या 'वामोस'चा 'व्हमूस', म्हणजे पोबारा करणे, असा अर्थ झाला. न्यायालय किंवा शिक्षा झालेला या अर्थाचा 'हुसगादो' मेक्सिकन उच्चारात 'हुसगाओ' असा ऐकू येई. त्याचा तुरुंगवाचक 'हूसगाऊ' विसाव्या शतकाच्या आरंभी छापात दिसू लागला. कायद्याशी या माणसांचा संबंध कोणत्या दाराने येत होता, ते या एका शब्दात दिसते.

तंत्रातील बारकावाही शब्दांनी जपला आहे. टेक्ससचा गुराखी दोराचे एक टोक खोगिराच्या शिंगाला पक्के बांधून मग फास टाकी. कॅलिफोर्नियाचा वाकेरो आधी फास टाकून, जनावर अडकले की दोराचे दुसरे टोक शिंगाभोवती चपळाईने गुंडाळी, त्यामुळे दोर हवा तेव्हा सैल सोडता येई, पण बोट मध्ये सापडले तर ते तुटून जाई. या गुंडाळण्याला स्पॅनिशमध्ये 'दार ला व्ह्वेल्ता', म्हणजे वेढा देणे, म्हणत. इंग्रजी तोंडात त्याचे 'डॅली' झाले आणि दोन प्रांतांतील गुराखी आजही या दोन रीतींवरून ओळखले जातात. यादवी युद्धानंतर, १८६७ पासून कॅन्ससमधील ॲबिलीनच्या रेल्वे स्थानकाकडे टेक्ससची गुरे शेकडो मैल हाकत नेली जाऊ लागली तेव्हा या तांड्यांत मेक्सिकन होते, नुकतेच गुलामीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते आणि गोरेही होते; शब्दांची देवघेव याच वाटेवर झाली.

याच प्रदेशाने दिलेला 'मॅव्हरिक' हा शब्द व्यक्तिनामावरून खरोखरच बनलेल्या थोड्या शब्दांपैकी एक असल्याने त्याचा तपशील पाहण्याजोगा आहे. सॅम्युएल ऑगस्टस मॅव्हरिक हे सॅन अँटोनिओचे वकील, जमिनीचे मोठे मालक आणि १८३६ च्या टेक्सस स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. १८४० च्या दशकात बाराशे डॉलरच्या येण्यापोटी त्यांना चारशे गुरे पत्करावी लागली. गुरांमध्ये त्यांना रस नव्हता, म्हणून ती मेक्सिकोच्या आखातालगतच्या माटागोर्डा द्वीपकल्पावर एका गुलाम कुटुंबाच्या देखरेखीखाली सोडून दिली गेली. कुंपण नसलेल्या माळावर गुरांची मालकी कळते ती तापल्या लोखंडाच्या डागावरून; मॅव्हरिक यांच्या वासरांना डागच दिले जात नसत, आणि म्हणून बिनडागाचे जनावर दिसले की शेजारी ते 'मॅव्हरिकचे' म्हणू लागले. १८५६ मध्ये त्यांनी तो कळप विकूनही टाकला, पण शब्द राहिला. डाग नसलेले प्रत्येक जनावर आपलेच असा दावा करून त्यांनी शेजाऱ्यांना लुबाडले ही नंतर पसरलेली कथा निराधार आहे. १८८० च्या दशकात पक्षाचा शिक्का न मानणाऱ्या राजकारण्याला 'मॅव्हरिक' म्हटले जाऊ लागले. ज्यांच्या हाती ती गुरे प्रत्यक्ष होती त्या कुटुंबाचे नाव मात्र कोणत्याही शब्दकोशात गेले नाही.

खाणींनी दिलेले शब्द तुलनेने सरळ आहेत. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे जेम्स मार्शल यांना सोने दिसले, आणि वर्षभरात जगभरातून माणसे लोटली. नदीतील वाळू-खडे उथळ तवलीत घेऊन पाण्यात गोल फिरवले की हलकी माती वाहून जाते आणि जड सोने तळाशी उरते. तळाशी काही उरले तर तवली 'पॅन आउट' झाली, म्हणजे फळाला आली. सोन्याचे कण बाळगणारी माती ती 'पे डर्ट', आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत अशा शोधकाला शिधा पुरवून त्याच्या संभाव्य नफ्यात वाटा घेणे ते 'ग्रबस्टेक'. 'बोनान्झा' हा मुळात स्पॅनिश खलाशांचा शब्द, शांत आणि अनुकूल समुद्रासाठी. मेक्सिकन खाणकामगारांनी तो भरघोस धातुशिरेला लावला आणि नेवाडातील कॉमस्टॉक या रुप्याच्या शिरेत १८७३ मध्ये सापडलेल्या घबाडाने तो इंग्रजीत पक्का केला. कॉमस्टॉकच्या व्हर्जिनिया सिटीतच १८६० च्या दशकात मार्क ट्वेन यांनी वार्ताहर म्हणून उमेदवारी केली. 'रफिंग इट' या त्यांच्या १८७२ च्या पुस्तकात मित्राच्या अंत्यविधीसाठी धर्मगुरूला बोलवायला गेलेला एक राकट गडी जुगाराच्या परिभाषेत बोलतो, धर्मगुरू ग्रंथी इंग्रजीत उत्तरे देतो, आणि एकाच भाषेतील दोघांना एकमेकांचे काही उमगत नाही. त्या शहरातील दोन थरांमधली दरी यापेक्षा अधिक आत्मीयतेने क्वचितच टिपली गेली असेल.

जुगाराची ती परिभाषा मिसिसिपी नदीवरून आली होती. पोकर हा पत्त्यांचा खेळ न्यू ऑर्लिन्स परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आला आणि आगबोटींबरोबर नदीने वर चढत देशभर पसरला. पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे लक्षात राहावे म्हणून त्याच्यापुढे एक खूण ठेवत, जिला 'बक' म्हणत. ती बहुधा हरणाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी असे, अशी परंपरागत समजूत आहे. वाटण्याची पाळी नको असलेला खेळाडू ती पुढे सरकवी, म्हणून 'पास द बक' म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे. १९४५ मध्ये ओक्लाहोमातील एल रीनो येथील सुधारगृहात तयार झालेली, ही खूण येथेच थांबते असे सांगणारी पाटी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या मेजावर आली, तोवर पत्त्यांच्या टेबलाची आठवण पुसट झाली होती. पोकरमध्ये पैशांऐवजी वापरल्या जाणाऱ्या चकत्यांपैकी निळी सर्वाधिक किमतीची, त्यावरून भरवशाच्या मोठ्या कंपन्यांच्या समभागांना न्यूयॉर्कमध्ये 'ब्लू चिप' म्हणू लागले. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर हा शब्द आज मराठी व गुजराती वाक्यांत सहज बसतो.

त्याच नदीने दुसराही एक वाक्प्रचार दिला, आणि त्याच्या मुळाशी विरंगुळा नाही. 'सोल्ड डाउन द रिव्हर' याचा आजचा अर्थ विश्वासघात होणे असा आहे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी आली, परंतु देशांतर्गत विक्रीला नव्हती. तंबाखूची जमीन कस हरवून बसलेल्या व्हर्जिनिया आणि केंटकीतील मालकांनी आपले गुलाम ओहायो व मिसिसिपीमार्गे नाचेझ आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारांत, कापसाच्या व उसाच्या मळ्यांसाठी विकले. यादवी युद्धापूर्वीच्या सुमारे सत्तर वर्षांत अशा रीतीने दहा लाखांच्या आसपास माणसे दक्षिणेच्या खोल भागात नेली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नदीच्या खालच्या अंगाला विकले जाणे म्हणजे आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको कायमची तुटणे. या शब्दांना अर्थाची धार आली ती त्या भयातून, आणि कार्यालयीन कुरबुरीत ते वापरले जातात तेव्हा त्यातील माणसे दिसेनाशी होतात ही खेदाची गोष्ट आहे.

'डेडलाइन' या शब्दाचेही तसेच. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे दक्षिणेच्या सैन्याने १८६४ मध्ये युद्धकैद्यांची छावणी उघडली. लाकडी तटाच्या आत काही फुटांवर खांबांचे हलके कुंपण घातलेले असे, आणि ते ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकऱ्याने विनाइशारा गोळी झाडायची असा दंडक होता. त्या रेषेला 'डेड लाइन' म्हणत. चौदा महिन्यांत तेथे आणलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळपास १३,००० भूक, अतिसार आणि स्कर्व्हीने मेले. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली. त्याच्या खटल्याच्या वृत्तांतांनी हा शब्द घरोघर नेला. पुढे छपाईयंत्रावर ज्या रेषेपलीकडे खिळे नीट उमटत नाहीत तिला छापखान्यात हेच नाव मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेसाठी वृत्तपत्रांत ते रूढ झाले.

न्यूयॉर्कचे 'बिग ॲपल' हे नाव शोधण्याची हकिकत 'ओके'इतकीच उद्बोधक आहे, कारण येथे शब्द नेमका कोणाच्या तोंडून आला हे लिहून ठेवणारा लेखक भेटतो. जॉन जे. फिट्झ जेराल्ड हे 'न्यूयॉर्क मॉर्निंग टेलिग्राफ'चे घोड्यांच्या शर्यतींचे वार्ताहर. १९२१ पासून त्यांच्या लेखनात न्यूयॉर्कच्या शर्यतींसाठी हा शब्द येतो, आणि १८ फेब्रुवारी १९२४ च्या रकान्यात त्यांनी त्याचा उगमही सांगितला: न्यू ऑर्लिन्सच्या मैदानावर तबेल्यातील दोन कृष्णवर्णीय पोरे घोडे फिरवत असताना एकाने दुसऱ्याला आता कुठे जाणार असे विचारले, तेव्हा आम्ही 'बिग ॲपल'कडे चाललो आहोत असे उत्तर त्यांनी ऐकले. लहानसहान गावांच्या गळक्या छपरांच्या मैदानांवर पोट भरणाऱ्या तबेलेवाल्यांना न्यूयॉर्कची शर्यत म्हणजे मोठे बक्षीस. १९३० च्या दशकात जॅझ वादकांनी हे नाव हार्लेमसाठी आणि एकूण शहरासाठी वापरले, मग ते मागे पडले, आणि १९७० च्या दशकात पर्यटन मंडळाने प्रचारासाठी ते पुन्हा वर काढले. बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या संशोधकांनी फिट्झ जेराल्ड यांचे रकाने शोधून हे सिद्ध केले, त्यामुळे १९९७ मध्ये न्यूयॉर्क शहराने ब्रॉडवे आणि पश्चिम ५४ व्या रस्त्याच्या नाक्याला, जेथे फिट्झ जेराल्ड राहत असत, 'बिग ॲपल कॉर्नर' असे नाव दिले. वार्ताहराने त्या दोघांना श्रेय दिले हे त्याच्या प्रामाणिकपणाचे. पण त्यांची नावे मात्र त्याने विचारली नाहीत.

'जॅझ' हा शब्द संगीताचा नव्हता, हे मान्य करायला संगीतप्रेमींना वेळ लागला. तो प्रथम दिसतो बेसबॉलच्या बातम्यांत: एप्रिल १९१२ च्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये बेन हेंडरसन नावाचा गोलंदाज आपल्या डगमगत जाणाऱ्या चेंडूला हे नाव देतो. १९१३ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को बुलेटिन'चे ई. टी. ग्लीसन यांनी बॉइज स्प्रिंग्स येथील सराव शिबिराच्या वार्तापत्रांत तो जोम, चैतन्य या अर्थाने वारंवार वापरला. १९१५ पर्यंत तो शिकागोत संगीताला लागला होता. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या कृष्णवर्णीय वादकांनी ते संगीत घडवले ते त्याला 'रॅगटाइम' किंवा अन्य नावांनी ओळखत. हे नाव मिरवणारी पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये काढली ती गोऱ्या वादकांच्या चमूने, आणि ड्यूक एलिंग्टन यांना हा शिक्का अखेरपर्यंत मनापासून रुचला नाही. म्हणजे येथे बोली आणि तिची वस्तू या दोन वेगळ्या समाजांतून येऊन छापात एकत्र झाल्या.

बोलणाऱ्यांनी स्वतः आपला कोश करण्याचा क्षण आला तो हार्लेममध्ये. हार्लेमच्या कॉटन क्लबमधून कीर्ती मिळवलेले गायक कॅब कॅलोवे यांनी १९३८ मध्ये वादकांच्या बोलीचा छोटेखानी 'हेपस्टर्स डिक्शनरी' प्रसिद्ध केला, आणि मानववंशशास्त्राचे शिक्षण फ्रान्झ बोआस यांच्याकडे घेतलेल्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९४२ मध्ये 'अमेरिकन मर्क्युरी' मासिकात हार्लेमच्या बोलीत एक कथा लिहून तिला शब्दार्थांची सूची जोडली. हर्स्टन यांचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण त्या शब्द सुटे न काढता दोन उपाशी तरुण रस्त्यावर उभे राहून एकमेकांपुढे बढाया मारतात त्या संभाषणात ते ठेवतात, आणि शब्दामागची गरज दिसते.

सैनिकांनी आणलेले शब्द हे अमेरिकेच्या परदेशी मोहिमांचे मागमूस होत. 'बूनडॉक्स', म्हणजे आडरान, हा फिलिपिन्समधील तगालोग भाषेतील डोंगरवाचक 'बुंदोक'; १८९९ ते १९०२ च्या फिलिपिन्स-अमेरिका युद्धात ज्या डोंगरांत अमेरिकी सैनिक गनिमी लढवय्यांचा पाठलाग करत होते त्या डोंगरांनीच तो दिला. 'गुंग हो' हा चीनमधील औद्योगिक सहकारी संस्थांच्या नावाचा संक्षेप. अमेरिकी मरीन दलातील अधिकारी इव्हान्स कार्लसन यांनी १९४२ मध्ये तो आपल्या तुकडीचे घोषवाक्य केला, आणि इंग्रजीत त्याला अतिउत्साही असा अर्थ आला. भारतातूनही एक शब्द अमेरिकेत पोहोचला आहे. 'ठग' हा मराठी-हिंदीतील शब्द १८३० च्या दशकात कर्नल स्लीमन यांच्या मोहिमेच्या वृत्तांतांनी आणि निजामाच्या सेवेतील, पुढे नळदुर्गला राहून कारभार पाहणाऱ्या फिलिप मेडोज टेलर यांच्या १८३९ च्या कादंबरीने इंग्रजीत गाजला. अमेरिकी वृत्तपत्रांनी तो शहरातील गुंडांना लावला, आणि १९९० च्या दशकात रॅप गायक टुपाक शकूर यांच्या चमूने 'ठग लाइफ' हे नाव धारण केले तेव्हा समाजाने मारलेला शिक्का मानाने मिरवणाऱ्या वंचिताचा अर्थ त्याला दिला गेला.

शास्त्रशुद्ध स्लँगकोशाचे अमेरिकेतील मोठे काम जोनाथन लायटर यांचे. त्यांच्या ऐतिहासिक कोशाचे 'ए' ते 'जी' आणि 'एच' ते 'ओ' हे दोन खंड १९९४ आणि १९९७ मध्ये निघाले आणि प्रकाशकाने पुढचे काम थांबवले. दरम्यान जुनी वृत्तपत्रे संगणकावर शोधता येऊ लागल्याने तारखा मागे सरकत आहेत. हेंडरसनच्या 'जॅझ' चेंडूची बातमी हाती लागली तीही २००३ मध्ये. तरीही वृत्तपत्रांत शोधून वृत्तपत्रांत न शिरलेली माणसे सापडत नाहीत. याच उणिवेवर काम करण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालय आणि हार्वर्डचे हचिन्स केंद्र यांनी २०२२ मध्ये हेन्री लुई गेट्स यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीच्या स्वतंत्र कोशाची घोषणा केली, आणि पुराव्यासाठी वृत्तपत्रांच्या जोडीला पत्रे, रोजनिशा, गाण्यांचे शब्द आणि पूर्वी गुलाम असलेल्यांनी सांगितलेली आत्मवृत्ते वाचायला घेतली.